लेकरांच्या रानातला राब

५ डिसेंबर १९२७. कुरवंडे.

आलो एकदाचा! लोणावळ्याला उतरलो तर हमालानं माझी काचसामानाची पेटी एका पारशी बाईंच्या टांग्यात चढवून दिलेली. बाई खंडाळ्याच्या वाटेला लागल्या आणि मागून मी धोतराचा सोगा हातात धरून पळतोय. पेटी मिळाली, आतली एक नळी फुटली, बाईंनी वाईट वाटून एक सफरचंद दिलं. सौदा काही वाईट नाही. तिथून बैलगाडीनं कुरवंडे. समोर नागफणीचा सुळका, खाली कापणी होऊन मोकळी पडलेली भाताची खाचरं. हवा अशी की पुण्यातल्या माझ्या खोलीचं नाव काढू नये.

भिमाजीभाऊंनी पडवीतली खोली दिली आहे. भाऊ पन्नाशीचे, गावातले मोठे जमीनवाले, बोलायला सावकाश. घरात बायको धोंडाबाई आणि सून नंदाबाई. मुलगा मुंबईला गिरणीत. जेवण त्यांच्याकडेच. आईला कळलं तर ती सोवळ्यासकट इथं येऊन धडकेल, पण माझं सोवळं मी लोणावळ्याच्या फलाटावरच सोडलं आहे. नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं दोन वेळा मागून खाल्लं.

९ डिसेंबर

गावानं मला नाव ठेवलं : पानमास्तर. दिवसभर झाडांची पानं खुडतो, वाळवतो, कुटतो आणि मग आम्लात उकळतो, म्हणून. भाऊंनी विचारलं, त्यात शोधता काय? मी म्हटलं, नत्र. मग जरा समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच मजा आली.

नत्र म्हणजे झाडाला हिरवं ठेवणारं आणि आपल्या अंगात मांस होऊन बसणारं द्रव्य. इकडच्या रानात आठ महिने पाऊस नाही, तेव्हा झाड ते जपून वापरतं. पान गाळायच्या आधी त्यातलं नत्र परत ओढून घेतं आणि सालीत, मुळांत साठवून ठेवतं. पुण्याचा भाडेकरू खोली सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतो, तसंच. मग वैशाखात, पावसाचा थेंब नसताना, त्या साठ्यावर नवी पालवी फुटते. खाली पडलेल्या पानात काही उरलेलं नसतं.

इथले लोक मात्र झाडाला ओढून घ्यायला वेळच देत नाहीत. हिवाळ्यात ऐनाच्या हिरव्या फांद्या छाटतात, वाळवतात आणि उन्हाळ्यात भाताची रोपं करायच्या जागेवर पसरून भाजतात; त्या जागेला इथं दाढ म्हणतात. हा राब. भाजल्यावर नत्र तर धुरासोबत उडून जायला हवं, मग राबाचा उपयोग काय? पुण्याच्या शेतकी खात्यातल्या माझ्या साहेबांना हेच हवं आहे. भाऊंच्या शेतात मी एक दाढ करणार, माझ्या मापाची. ती चांगली उतरली तर साहेब मला कायम करतील.

२० डिसेंबर

आज गावाच्या वरच्या अंगाला ऐनांचं एक दाट रान पाहिलं. इतर झाडं दरवर्षी छाटून छाटून बोडकी, ही मात्र कशी भरलेली! एकाही फांदीला कोयता लागलेला नाही. मी पानं खुडली आणि खिशात घातली.

रात्री जेवताना भाऊंनी त्या रानाचं सांगितलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत, अठरा साली, गावातली लेकरं पटापट गेली. मोठ्यांना जाळायला लाकूड पुरेना, लेकरांना तर पुरायचीच रीत. सगळ्यांना त्या ऐनांखाली ठेवलं. धोंडाबाईंची धाकटी दोघं तिथं आहेत. तेव्हापासून त्या रानातला राब कुणी घेत नाही. भाऊ म्हणाले, "त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ द्यावं, मास्तर." धोंडाबाई चुलीकडे वळल्या. पानं खिशात होती हे मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

३ जानेवारी १९२८

त्या पानांचा आकडा आला. चूक वाटली म्हणून पुन्हा उकळली. इतर ऐनांच्या जवळजवळ दुप्पट नत्र! का, ते कळायला शास्त्र लागत नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू, पण त्याच्या आधी आनंद झाला. या पानांची दाढ केली तर साहेब बघतच राहतील.

८ जानेवारी

आंबी गावाहून नथू म्हणून एक जण हंगामापुरता आला आहे, राब तोडायला. बायको झुंबरबाई बरोबर. गावाबाहेर खोपट घालून राहतात. गडी कामाचा आणि हसरा. गावची माहिती त्याला काहीच नाही.

आज त्याला त्या रानात घेऊन गेलो. झाडं बघून तो थबकला. "हितलं तोडू का, मास्तर? गावचं काय न्हाई ना?" मी म्हटलं, विचारलंय सगळ्यांना. तो सरसर वर चढला. ऊन उतरायच्या आत पलीकडची सात-आठ झाडं बोडकी झाली, मागच्या वाटेनं फांद्या माझ्या दाढीवर आल्या. ऐनाचं पान सगळीकडे सारखंच, कुणाला कळणार? शेवटी झाडं आहेत, उन्हाळ्यात पुन्हा फुटतील.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज धोंडाबाई आणि गावातल्या आणखी काही बाया तीळगूळ घेऊन वरच्या रानात गेल्या. दरवर्षी जातात म्हणे. त्या ऐनांच्या बुंध्याशी लहान लहान दगड आहेत, प्रत्येकावर तिळाची एक वडी ठेवतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्यांचं रडणं इथपर्यंत ऐकू आलं.

१६ जानेवारी

हे लिहायला बसलो तेव्हा दार लावून घेतलं, जणू कुणी खांद्यावरून वाचणार आहे.

देवळापुढे गाव जमला. नथूला आणलं. तो घाबरला नव्हता. म्हणाला, "मास्तरांनीच दावलं. इचारा त्यास्नी." आणि माझ्याकडे बघून हसला. मी हो म्हणणारच अशी त्याची खात्री होती.

सगळे माझ्याकडे वळले. धोंडाबाईही. मी म्हणालो, नाही, मी त्याला खालचा उतार दाखवला होता, माझ्या दाढीवर आहे तो राब तिथलाच. वरचा यानं तोडून लोणावळ्यात जळणाला विकला असेल.

'विकला असेल' हे मला कुणीही विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

नथू हसायचा थांबला. रागावला नाही, नुसता बघत राहिला. त्याचा कोयता काढून घेतला, चार-दोन जणांनी हात टाकला. झुंबरबाई मधे पडली, तिलाही लागलं. संध्याकाळी खोपट मोडलेलं होतं. भाऊ मला म्हणाले, मास्तर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, परक्या माणसावर इस्वास टाकला येवढंच.

शरम वाटते. पण उद्या खरं सांगू तर आज खोटं का बोललो हेही सांगावं लागेल.

१८ मार्च

शिमगा होऊन गेला. गिरणीतला मुलगा येऊन गेला, घर जरा हसतं होतं. रानात ऐनांची पानं पिवळी पडून गळतायत. काठाकडून पिवळी होतात, शिरा शेवटपर्यंत हिरव्या राहतात, कारण नत्र शिरांतून परत जात असतं. गोळा करून तपासली, अपेक्षेप्रमाणे जवळजवळ रिकामी.

वरच्या रानात गेलो नाही. त्या सात-आठ झाडांना परत घ्यायला पानंच उरलेली नाहीत, हा विचार मात्र जाता जात नाही. कामाचाच विचार आहे, दुसरं काही नाही.

१० मे

आज दाढ भाजली. सगळ्या गावात राब पेटलेले, धुराचा वास ओळखीचा. माझ्या दाढीचा मात्र वेगळा. केस जळावेत तसा. धोंडाबाई वाऱ्याच्या अंगाला उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला, मग काढला, आणि तो वास घेत उभ्याच राहिल्या. मला विचारलं, कुठला राब हा? मी म्हटलं, खालच्या उताराचा. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं जातं, हे या वयात शिकलो.

राख आणि खालची माती तपासली. नत्र उडून जायला हवं होतं. सगळंच्या सगळं तिथंच बसलं आहे.

४ जुलै

अशी रोपं कुणी पाहिली नव्हती. काळीभोर हिरवी, बोटभर जास्त उंच. इतरांची यंदा पावसानं कुजली. इथं आवणीला, म्हणजे रोपं लावायला, सगळा गाव एकमेकांच्या शेतात राबतो, ज्याची रोपं उरली तो कमी पडणाऱ्याला देतो. माझ्या दाढीची रोपं घरोघर गेली. भाऊ मुठी बांधून वाटत होते आणि सांगत होते, पानमास्तराची पुण्याई.

तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. धोंडाबाईंनी त्यात गुळाचा खडा घातला. सगळे हसले. मीही.

२२ ऑगस्ट

साहेब येऊन गेले. खाचरं बघून टोपी काढली. मला कायम करणार. पाठ थोपटली तेव्हा मी खाली वाकून पायाचा चिखल पुसत राहिलो.

१४ ऑक्टोबर

हळवं भात आधी तयार झालं. गावात देवीला निवद दाखवल्याशिवाय नवं कुणी तोंडात घालत नाही. तो दिवस तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार. पण माझ्या टिपणाला चव हवी म्हणून मी धोंडाबाईंकडून मूठभर पोहे कांडून घेतले. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, देवीचा राग माझ्यावर. पोहे गोड होते, दुधासारखे. ताट चाटून पुसून खाल्लं.

२६ ऑक्टोबर

उजव्या हाताची नखं पिवळी. काठाकडून. थंडी सुरू झाली, तेलाचा हात लावायला हवा.

सकाळी अंघोळीला केस पुंजक्यानं हातात आले.

१ नोव्हेंबर

करंगळीचं नख गळून पडलं. दुखलं नाही. रक्तही नाही. देठ सुटावा तसं सुटलं.

नख, केस म्हणजे नत्राचं कोठार. मी ते नख आम्लात उकळलं. खात्री म्हणून केसही उकळले.

काही नाही. दोन्हींत काही उरलेलं नाही.

मार्चमध्ये पायाखालून उचललेल्या पानांचा आकडा असाच होता.

५ नोव्हेंबर

वरच्या रानात गेलो. भर दुपारी, मुद्दाम. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

इतर ऐनांची पानं आता जून, धुळकट. बोडकी केलेली झाडं मात्र पालवीनं लगडलेली. नोव्हेंबरात! लालसर, लुसलुशीत. बुंध्यापासून फुटवे आलेले, माझ्या कमरेइतके उंच. वारा नव्हता. मी डावीकडे सरकलो तसे तेही वळले. मी उजवा हात पुढे केला. एका फुटव्याच्या पानांनी माझं बोट धरलं. गर्दीत लेकरू धरतं तसं, घट्ट.

ओढ नव्हती त्यात, राग नव्हता. नुसतं आपलं ते घेणं होतं. पानांतून परत घ्यायला मी वेळ दिला नाही. म्हणून जिथं गेलं तिथून —

पळालो. वहाण तिथंच राहिली.

११ नोव्हेंबर

हात मनगटापर्यंत पिवळा. शिरा हिरव्या. मी तो उपरण्यात गुंडाळून ठेवतो, सांगतो की आम्ल सांडलं.

अजून गावानं नवं खाल्लेलं नाही. कणग्या भरल्या आहेत, पण निवदाचा मंगळवार यायचा आहे. आत्ता सांगितलं तर फक्त मी जाईन. सांगायला हवं. वाक्य सोपं आहे : झाडं मी तोडायला लावली. आरशापुढे म्हणून पाहिलं, जमतं. ओटीवर भाऊंसमोर — नाही जमत. वर्षाचं भात टाकून द्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? आणि नथू? माझ्यापायी त्याचं काय झालं ते कसं — नाही.

१७ नोव्हेंबर

नंदाबाईंनी पाणी दिलं. तांब्यावरची बोटं पाहिली. नखं पिवळी.

त्यांचे दिवस भरत आलेत. धोंडाबाई कौतुकानं म्हणाल्या, डोहाळे लागले पोरीला नव्या पोह्यांचे, तुमी खाल्ले तवा काय झालं न्हाई, म्हणून म्या बी घातले गुपचूप. आताशा अंगानं वाळलीय, पर पोट बगा कसं भरलंय.

माझ्यामुळे. मी खाल्ले म्हणून. जुन्या पानातून काढून नव्या कोंबाला — झाडाची रीतच ती. पण कोणत्या झाडाचा कोंब?

मी 'बरं झालं' म्हणालो. बरं झालं! जीभ झडो माझी.

२१ नोव्हेंबर

झुंबरबाई आली होती. ओळखू आली नाही. चोर म्हणून आंबीतही कुणी उभं करत नाही. नथू लोणावळ्यात रुळांच्या कडेला खडी फोडतो, खोकतो. ती पाया पडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "तुमी फकस्त येकदा सांगा. दुसरं काय बी नगं."

मी म्हटलं, मंगळवारी. सगळे जमतील तेव्हा. देवीपुढे सांगतो.

तिनं विश्वास ठेवला. नथूसारखाच —

२५ नोव्हेंबर

डावा हातही. दात हलतात. अन्न लागत नाही, उलट — खातो तितका हलका होतो. दुपारी खिडकीतून रान दिसतं. वर लाल, दाट. रोज जास्त दाट.

नंदाबाईंचे केस गेले. धोंडाबाई म्हणतात बाळंतपणानंतर येतील.

मंगळवारी. नक्की.

२७ नोव्हेंबर. सकाळ.

आज. पत्रावळी मांडतायत. भाताचा वास सुटलाय. सगळा गाव आहे. पहिला मान माझा म्हणतात. सांगेन. झाडं मी तोडायला लावली. झाडं मी तोडायला लावली. एवढंच.

२७ नोव्हेंबर. दुपार.

सांगितलं. म्हणजे —

उभा राहिलो. म्हणालो, थांबा, खाऊ नका, या भाताला लेकरांच्या रानातला राब लागलाय. सगळ्यांचे हात थांबले. एकानंही घास घेतला नव्हता. देवाची कृपा. भाऊंनी विचारलं, कुणी घातला? धोंडाबाई माझ्याकडे बघत होत्या. माया होती हो त्या बघण्यात. ती जाईल, आत्ता, या क्षणी जाईल, आणि मग —

म्हणालो, नथूनं.

माझ्या राबात त्यानं मिसळला. मला आत्ता कळलं.

मी असं म्हणालो. मी. जिभेवर दुसरं वाक्य होतं.

भात उकिरड्यावर गेलं. नंदाबाईंना धरून आत नेलं. बाया रडतायत. बाप्ये काठ्या घेऊन लोणावळ्याच्या वाटेला लागले. भाऊ पुढे. नथू तिथं खडी फोडत असेल. त्याला ठाऊकही —

दिसतायत अजून. उतारावर. हाक मारली तर पोचेल.

मारली. आवाज नाही. जीभ वळत नाही. दात पडला मांडीवर, कोरडा.

उठता येत नाही. हात चालतो — जेमतेम —

मोठ्या अक्षरांत लिहून पान धोंडाबाईंपुढे धरलं. त्यांना वाचता येत नाही. कागदावरून हात फिरवला त्यांनी. म्हणाल्या, नगा तरास करून घिऊ, मास्तर. तुमचा काय दोस.

बोट छातीवर ठेवलं. मी. मी. खूण केली. त्यांना वाटलं छातीत दुखतंय. तेल आणायला गेल्या.

वळणाशी पोचले ते —

नथू नव्हे. मी. नथू नव्हे. झाडं म